डोके धरून गेलेली माणसे

सोलापुरात डोकेदुखीचे कारण शोधत बसावे लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांना टेकतो तेव्हा डोके उन्हाने दुखते, आश्विनात ते पित्ताने दुखते, उपवासाला रिकाम्या पोटाने दुखते, नळाला पाणी मध्यरात्री आले असेल तर जागरणाने दुखते, आणि यांपैकी काहीच लागू पडत नसेल तर चष्म्याचा नंबर वाढलेला असतो. उपायही ठरलेले आहेत. कपाळाला सुंठ उगाळून लावायची, डोक्याला ओढणी आवळून बांधायची, बाम चोळायचा, मेडिकलमधून एक गोळी आणायची आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहायचे. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. अडचण एवढीच की जी डोकेदुखी या रांगेत बसत नाही तिलाही आपण याच रांगेत बसवतो, आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत तर तशी तीन-चार कारणे एकाच वेळी हाताशी तयार होती.

त्या वर्षी तिने नवरात्राचे नऊही दिवस उपवास केले होते. तिच्या सासरी घट बसतात आणि देवीचे सगळे तिच्याच हातून होते. पाळी मध्येच येऊ नये म्हणून तिने मेडिकलमधून पाळी लांबवण्याच्या गोळ्या आणल्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही. गौरी-गणपती, नवरात्र, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आणि घरातली लग्ने यांच्या आधी या गोळ्यांना किती मागणी असते हे मेडिकलवाल्यांना पाठ असते. नवरात्र उठले तरी तिने गोळ्या चालूच ठेवल्या, कारण कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जायचे होते. सुमारे ४५ किलोमीटरच्या त्या वाटेवर रात्रभर माणसांची रीघ असते, जागोजागी चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी वाटणारे मांडव असतात, पाण्याची तर रेलचेल असते. तरीही बायका पाणी बेतानेच पितात. वाटेत आडोसा कुठे मिळेल याची खात्री नसते, हे त्यामागचे साधे कारण पुरुषांच्या लक्षातही येत नाही.

परत आल्यावर तिचे पाय दुखत होते आणि त्याहून जास्त डोके दुखत होते. दगदग झाली, उपवास बाधले, पित्त चढले, असे प्रत्येकाने आपापले निदान सांगितले, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली. घराजवळच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो व्यवस्थित होता, म्हणून पित्ताच्या आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या. पण या डोकेदुखीची चाल उलटी होती. अर्धशिशीच्या माणसाला आडवे व्हावेसे वाटते, हिला आडवे झाले की कळ वाढायची आणि उठून बसले की किंचित उतरायची. रात्री ती भिंतीला दोन उशा लावून बसल्या बसल्याच डोळे मिटायची. खोकला आला किंवा शौचाला जोर द्यावा लागला की डोके फुटेलसे व्हायचे. सकाळी दारातली दुधाची पिशवी उचलायला वाकली की दोन्ही डोळ्यांपुढे चार-पाच सेकंद काळोख यायचा आणि मग सगळे पुन्हा स्वच्छ दिसायचे. ती त्याला चक्कर म्हणत होती, आणि अशक्तपणाने चक्कर येणार यात घरात कुणालाच नवल वाटत नव्हते.

ही गाठ सोडवली ती डोळ्यांच्या डॉक्टरांनी, तीही ती नंबर तपासायला गेली म्हणून. त्यांनी थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, आतला पडदा पाहिला आणि पुन्हा एकदा पाहिला. दृष्टिनाडी डोळ्यात शिरते त्या जागेची चकती दोन्ही बाजूंना सुजलेली होती. डोके कधी वाढते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, उलट्या होतात का, एवढेच त्यांनी विचारले आणि चष्मा करायचा नाही असे सांगून त्याच दिवशी मेंदूचा एमआरआय व त्यासोबत शिरांचे चित्रण करून घ्यायला लावले. नुसत्या साध्या सीटी स्कॅनवर समाधान मानले असते तर कदाचित काही दिसलेही नसते, कारण मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याच्या या आजाराच्या जवळपास एक तृतीयांश रुग्णांत साधा सीटी निर्दोष येतो.

मेंदूला रक्त पोहोचवणाऱ्या धमन्यांबद्दल आपण सतत ऐकतो, पण ते रक्त परत कसे जाते याचा विचार क्वचितच होतो. कवटीच्या आतल्या जाड आवरणात रक्त वाहून नेणारे रुंद मार्ग असतात. त्यांपैकी सर्वांत मोठा टाळूच्या रेषेखालून कपाळापासून मागे जातो, तिथे दोन्ही बाजूंना वळतो आणि कानामागून उतरून मानेतल्या शिरेला मिळतो. मेंदूभोवतीचे पाणीही याच मार्गात झिरपून रक्तात मिसळत असते. तिथे गुठळी अडकली की रक्त मागे साचते, पाण्याचा निचरा थांबतो आणि कवटी तर हाडाची असल्यामुळे फुगू शकत नाही. दाब वाढत जातो, डोके दुखते, डोळ्यांच्या नाड्या सुजतात, पुढे आकडी येते, एखादा हात-पाय लुळा पडतो, आणि बारीक शिरा फुटून मेंदूत रक्तस्रावही होतो. आडवे झाल्यावर डोक्यातले रक्त उतरायला आणखी अडते, म्हणून कळ वाढते. बहिणीच्या चित्रात उजवीकडचा मार्ग मध्येच पुसल्यासारखा नाहीसा झाला होता आणि वरच्या मोठ्या मार्गाचा मागचा भागही भरला होता.

१८२५ साली रिब नावाच्या फ्रेंच वैद्याने अशा गुठळीचे पहिले वर्णन केले, तेही शवविच्छेदनात पाहून, आणि एमआरआय येईपर्यंत पुष्कळ रुग्णांचे निदान असेच मृत्यूनंतर व्हायचे किंवा होतच नसे. आजही आजार विरळच म्हणावा लागेल, नेदरलँड्समधल्या एका पाहणीत दर दहा लाख माणसांमागे वर्षाला सुमारे १३ रुग्ण आढळले. मात्र पक्षाघात म्हटल्यावर जे वय आपल्या डोळ्यांपुढे येते त्याच्याशी याचा संबंध नाही. २१ देशांतल्या ६२४ रुग्णांचा मागोवा घेणारा जो मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात निम्मे रुग्ण ३७ वर्षांच्या आतले होते आणि जवळपास तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. सुमारे ८९ टक्क्यांना डोकेदुखी होती.

दवाखान्यात पहिल्याच रात्री वडिलांचा आणि न्यूरोच्या डॉक्टरांचा थोडा वाद झाला. एमआरआयमध्ये छोटासा रक्तस्राव दिसत होता आणि डॉक्टर तर हेपॅरिनचे, म्हणजे रक्त पातळ करण्याचे, इंजेक्शन सुरू करत होते. डोक्यात आधीच रक्त सांडले आहे, त्यात आणखी पातळ करायचे, हे कोणत्याही बापाला पटणे अवघडच होते. डॉक्टर चिडले नाहीत. हे रक्त गुठळीमुळे मागे साचून सांडले आहे, गुठळी तशीच वाढू दिली तर आणखी सांडेल, असे त्यांनी चित्र दाखवून सांगितले. पुढे मी वाचले तेव्हा कळले की हा प्रश्न एकेकाळी डॉक्टरांनाही सतावत होता. १९९१ साली 'लॅन्सेट'मध्ये जर्मनीतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात अवघे २० रुग्ण होते, दहांना हेपॅरिन दिले आणि दहांना औषध नसलेले द्रावण. हेपॅरिनच्या गटातले आठ पूर्ण बरे झाले, दुसऱ्या गटातला एकच बरा झाला आणि तिघे दगावले, म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली. इतक्या लहान आकड्यांवर विसंबू नये हे खरे, पण आज रक्तस्राव दिसत असतानाही हेपॅरिन देण्याची जी रीत पडली आहे तिच्या मुळाशी ही चाचणीही आहे. बहीण चालत घरी आली. वर उल्लेखलेल्या ६२४ जणांपैकीही सुमारे ७९ टक्के पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले होते, आणि निदान वेळेत होणे याला एवढे महत्त्व का, ते या आकड्यावरून कळते.

गुठळी कशाने झाली, याचे उत्तर एका वाक्यात मिळाले नाही. पाळी लांबवण्याच्या गोळीत नोरएथिस्टेरॉन असते. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम अशा मात्रेत ते घेतले की त्याचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडिओल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि गर्भनिरोधक गोळ्यांमुळे गुठळीचा धोका वाढतो तो मुख्यतः याच द्रव्यामुळे. त्यात उपवास आणि कमी पाणी, त्यात हिमोग्लोबिन ८ च्या घरात, त्यात शाकाहारी घरांत सर्रास आढळणारी बी-१२ ची कमतरता आणि तिच्यामुळे वाढलेले रक्तातले होमोसिस्टीन हे द्रव्य. यातली प्रत्येक गोष्ट आपल्या आसपासच्या असंख्य बायकांत असते आणि त्यांना काहीही होत नाही. हिलाच का झाले, असे आईने विचारले तेव्हा डॉक्टरांनी उलट प्रश्न केला, "तुमच्या घरात यापूर्वी कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या आहेत का?" आम्ही सगळ्यांनी ठामपणे नाही म्हणून सांगितले.

रक्त गोठवणारी द्रव्ये जशी शरीरात असतात तशीच गोठणे आवरणारीही असतात. प्रोटीन सी हे त्यातले एक, आणि प्रोटीन एस हे त्याचे सहकारी. दोघे मिळून गोठण्याच्या साखळीतले पाचवे आणि आठवे घटक निकामी करतात. या आवरणाऱ्या द्रव्यांपैकी एखादे जन्मतःच कमी असू शकते. किंवा पाचवा घटकच असा बदललेला असतो की प्रोटीन सी त्याला सहज आवरू शकत नाही. हा बदल १९९४ साली नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी शोधला, म्हणून तो 'फॅक्टर फाइव्ह लायडन' या नावाने ओळखला जातो. युरोपीय वंशाच्या सुमारे ५ टक्के लोकांत तो असतो, आपल्याकडे तो बराच कमी सापडतो. यातले बहुतेक दोष आई-वडिलांपैकी एकाकडून आले तरी पुरतात आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. ज्यांच्यात दोष आहे त्यांतल्या पुष्कळांना आयुष्यभर गुठळी होत नाही. धोका घरात मुक्कामाला असतो, त्याला जागे करायला बाळंतपण, शस्त्रक्रिया, प्लॅस्टर, एखादी गोळी असे काहीतरी लागते, आणि मोठ्या अभ्यासातही ४० टक्क्यांहून अधिक रुग्णांत एकापेक्षा जास्त कारणे एकत्र आलेली होती.

या तपासण्यांची एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. गुठळी ताजी असताना प्रोटीन सी आणि एस खर्च होऊन कमी दिसू शकतात, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनसारख्या गोळीने दोन्ही कमीच होतात, हेपॅरिनने अँटीथ्रॉम्बिन हे गोठणे आवरणारे आणखी एक द्रव्य उतरते, गरोदरपणात प्रोटीन एस आपोआप खाली जाते. आजाराच्या भरात हजारो रुपये भरून केलेला 'पॅकेज'चा अहवाल म्हणूनच बऱ्याचदा निरुपयोगी ठरतो आणि तो हातात घेऊन एखादे घराणे विनाकारण धास्तावते. जनुकांची तपासणी तेवढी कधीही चालते. आमच्या डॉक्टरांनी थांबायला लावले. उपचारांचा पहिला टप्पा संपून रक्त पातळ करण्याची गोळी थांबवल्यावर काही आठवडे गेले, तेव्हा कुठे बहिणीचे रक्त घेतले. प्रोटीन एस कमी निघाले, पुन्हा तपासले तरी कमीच निघाले.

मधल्या काळात मी बार्शीला थोरल्या आत्यांकडे गेले. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. गुठळ्या झाल्या होत्या का कुणाला, असे विचारले असते तर त्यांनीही नाहीच म्हटले असते. मी एवढेच विचारले की आपल्या घरात कोण कोण अकाली गेले आणि कसे गेले. त्यांनी सूप बाजूला ठेवले. "मधली गेली की सव्वा महिन्याच्या आत," त्या म्हणाल्या. "लेकरू चांगलं होतं. ही नुसती डोकं धरून बसायची. झोप म्हटलं तर झोपायची नाही. पाणी मागायची सारखी, पण बाळंतिणीला पाणी कोण देतंय तवा? पोट सुटतंय म्हणायचे. मग आकडी आली, समदे म्हणाले बाहेरचं हाय." त्यानंतर माझ्या काकांचा विषय निघाला. काका गिरणीत होते. पाय मोडून प्लॅस्टरमध्ये होता, पोटरी टरटरून सुजली होती, प्लॅस्टर घट्ट झाले असेल असे सगळे म्हणत राहिले, आणि एके दिवशी उठून बसले ते दम लागून गेले. दाखल्यावर हृदयविकार लिहिले आहे.

ही माणसे याच दोषाने गेली असे मी म्हणणार नाही. बाळंतपणातली आकडी वाढलेल्या रक्तदाबाने, एक्लॅम्प्सियाने, येऊ शकते, जंतुसंसर्गानेही येते, आणि त्या काळी तपासणार कोण होते? पण बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे हा गुठळ्यांचा सर्वांत धोक्याचा काळ असतो, आणि आपला सव्वा महिना म्हणजे जवळपास तोच काळ. आडवे होऊ न देणारी डोकेदुखी, कमी पाणी, मग आकडी, हे वर्णन आज कुणा न्यूरोच्या डॉक्टरांनी ऐकले तर ते मेंदूच्या शिरा पाहिल्याशिवाय राहणार नाहीत. सुजलेली पोटरी आणि अचानक लागलेला दम यांवरून पायातली गुठळी फुप्फुसात गेल्याचीच शंका पहिली येईल. आमच्या घराण्याचा इतिहास होता, आणि चांगला तपशीलवार होता. तो बार्शीत ओसरीवर एका म्हाताऱ्या बाईकडे होता, आणि डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्ही उभे होतो त्यांच्यापैकी कुणाकडेच नव्हता. घराणे विचारताना आपण कुलदैवत, गोत्र, मूळ गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. सव्वा महिन्यात गेलेल्या सुनेचे किंवा लेकीचे मात्र नावही पुढच्या पिढीला ठाऊक नसते, मग तिचे डोके कसे दुखत होते ते कोण लक्षात ठेवणार?

वडिलांचे प्रोटीन एस कमी निघाले. सत्तरी ओलांडलेल्या या माणसाला आजवर एकही गुठळी झालेली नाही, आणि बाईचा आजार आईकडून येतो हे गृहीत धरून बसलेल्या सगळ्यांना त्याचा थोडा धक्काच बसला. आईचे व्यवस्थित आहे. माझेही कमी आहे. खरा प्रश्न उभा राहिला तो भाचीचा. ती आता कॉलेजला जाते. तपासणी केली आणि कमी निघाले तर लग्नाच्या वेळी सांगावे लागेल, म्हणून नकोच, असे घरातल्या दोघा-तिघांचे म्हणणे होते. हा विचार मला समजतो, पण पटत नाही. या वयाच्या मुलींना पीसीओडीसाठी, पाळी नियमित व्हावी म्हणून, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. दोष असलेल्या मुलीने त्या टाळायला हव्यात आणि तिला त्याऐवजी देता येण्यासारखे दुसरे उपाय आहेत. हे तिला आज कळले तर ती एक वाक्य डॉक्टरांना सांगेल आणि विषय तिथेच संपेल. तपासणी झालीच पाहिजे असेही नाही. आईला मेंदूच्या शिरेत गुठळी झाली होती, एवढे सांगितले तरी शहाणा डॉक्टर सावध होतो. शेवटी तिनेच तपासणी करून घ्यायचे ठरवले, आम्हाला न विचारता.

बहिणीला गोळी पुन्हा सुरू झाली, बहुधा ती कायमचीच राहील. वॉरफॅरिन के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते, म्हणून रक्त किती पातळ झाले ते आयएनआर या तपासणीने सतत पाहावे लागते आणि तो आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो. हिरव्या पालेभाज्यांत के भरपूर असते. सुरुवातीला तिला कुणीतरी पालेभाजी साफ बंद करायला सांगितले होते, आणि मेथी, करडई, हरभऱ्याच्या पाल्याशिवाय हिवाळा काढणे हे आमच्याकडे शिक्षा भोगण्यासारखेच आहे. डॉक्टरांनी ते दुरुस्त केले. भाजी खायची, फक्त रोज साधारण तेवढीच खायची, एकदम वाढवायची नाही आणि एकदम सोडायचीही नाही. त्याचा प्रत्यय वेळ अमावास्येला आला. शेतात भज्जी, अंबील, बाजरीचे उंडे असा बेत होता, आणि पाल्याभाज्यांनी भरलेली ती भज्जी तिने चार दिवस दोन्ही वेळा खाल्ली. पुढच्या तपासणीत आकडा १.५ वर आला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न जेवणाचाच विचारला. आता अमावास्येला ती भज्जी एक वाटी घेते. पाळी लांबवण्याची गोळी आमच्या दोन्ही घरांतून गेली आहे, आणि ज्या वर्षी पाळी आली त्या वर्षी घटाला पाणी भाऊजींनी घातले. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी त्यांनीच त्यांना फुलवरा कसा बांधायचा ते दाखवले.

गेल्या वर्षी अक्कलकोटहून चुलत बहिणीचा, त्याच काकांच्या मुलीचा, फोन आला. तिला सातवा महिना होता. "ताई, मी पण करून घेऊ का गं ती टेस्ट?" गरोदरपणात प्रोटीन एस सगळ्यांचेच उतरते, त्यामुळे आकडा आला तरी त्यावरून काही ठरवता येणार नाही, असे मी तिला सांगितले, आणि बार्शीच्या आत्यांनी सांगितलेले सगळे, तिच्या वडिलांच्या पायाच्या सुजेसकट, एका कागदावर लिहून पाठवले. तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनी तो कागद फाइलला लावून घेतला, रक्तविकारांच्या डॉक्टरांचे मत मागवले आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे हेपॅरिनची इंजेक्शने द्यायचे ठरवले. ती वारेतून बाळाकडे जात नाहीत आणि अंगावर पाजतानाही चालतात. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर इंजेक्शनची वेळ, भरपूर पाणी द्यायची सूचना, आणि आडवे झाल्यावर वाढणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा एका पायाला सूज यांपैकी काही झाले तर दिवस-रात्र न पाहता यावे, हे सगळे मराठीत लिहिले होते. तिच्या सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून जावेने तो त्यांना दोनदा वाचून दाखवला.